गॅरेजमधून आलेली गाडी थेट जंगलात नेऊ नका: दूरच्या फोर बाय फोर प्रवासाआधी मेकॅनिकचं काम कसं तपासायचं

किनवटहून परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी मागच्या हौसिंगचा (म्हणजे मागच्या ॲक्सलच्या लोखंडी कवचाचा) ऑइल काढायचा ड्रेन प्लग उघडला आणि खालच्या घमेल्यात चक्क दूध घातलेला चहा पडायला लागला. नेहमीचं काळपट, उग्र वासाचं गिअर ऑइल नाही. फिकट तपकिरी, फेसाळ, बुडाशी पाण्याचे थेंब. हौसिंगमध्ये पाणी शिरलं होतं. कुठून, हे शोधायला गाडीखाली आडवा झालो तर ब्रीदरचा, म्हणजे हौसिंगला हवा आत-बाहेर करू देणारा, रबरी पाईप एका टोकाला चेसिसला नीट बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला हवेत लोंबकळत होता. प्रवासाच्या आदल्या दिवशी मागच्या ॲक्सलचं सील बदललं होतं. मेकॅनिकने चिखलाने बुजलेला पाईप काढून साफ केला, सील बसवलं, ऑइल भरलं, चाक चढवलं आणि पाईप परत खोचायचा राहिला. काम चांगलंच केलं होतं म्हणा. सील आजही गळत नाही.

मी लातूरचा, गाडी जुनी डिझेल थार, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). गेली काही वर्षं 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुट्टीला जोडून आम्ही दोन-तीन गाड्या भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट करत माहूरपर्यंत जातो. पावसाळा सरत आलेला असतो, सागाचं जंगल हिरवंगार असतं, सहस्रकुंडाला पैनगंगा जोरात असते आणि आडवाटांवरचे ओढे वाहते असतात. गाडी खरंच अडली तर फोर बाय फोरचा पार्ट नांदेडहून किंवा त्याहून लांबून मागवावा लागतो. टोइंगवाला डांबरी रस्त्यापर्यंत येतो. पुढे तुम्ही, तुमचं नशीब आणि जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर.

त्या घमेल्यानंतर माझी एक समजूत पक्की झाली. नुकतीच दुरुस्त केलेली गाडी ही आठ महिने हात न लावलेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद असते. जुनी झीज हळूहळू बोलते, आवाज करते, इशारे देते. नुकताच उघडून बसवलेला नट मात्र एकदम दगा देतो. त्यामुळे गाडी तपासताना मी सगळी गाडी तपासत बसत नाही. जे जे उघडलं, ते ते बघतो, आणि त्याच्यापर्यंत पोचायला वाटेतलं जे बाजूला करावं लागलं, तेही. ब्रीदरचा पाईप या दुसऱ्या प्रकारातला होता.

काम आणि प्रवास यांच्यात दहा दिवस हवेत

ही पहिली पायरी, आणि सगळ्यात जास्त मोडली जाते तीही हीच. मोठं काम, म्हणजे क्लच, ॲक्सल, सस्पेन्शन, ब्रेक, टायमिंग असलं काही असेल तर निघायच्या किमान दहा दिवस आधी गाडी हातात हवी. मध्ये दीड-दोनशे किलोमीटर चालवायची, गार होऊ द्यायची, परत बघायची. आदल्या रात्री अकराला गॅरेजमधून आणलेल्या गाडीचं काही तपासता येत नाही. ती गाडी आपण देवाच्या भरवशावर नेतो.

गाडी टाकतानाच कामाची यादी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेल्या सात कामांतली पाच लक्षात राहतात. मी यादीखाली तीन ओळी कायम लिहितो: जुने पार्ट पिशवीत भरून परत द्यावेत, नव्या पार्टचे रिकामे डबे ठेवावेत, आणि वाटेत आणखी काही उघडावं लागलं तर त्याची नोंद करावी. तिसरी ओळ सगळ्यात कामाची. त्या वेळी ती लिहिली असती तर यादीत ‘ब्रीदर साफ केला’ असं आलं असतं आणि मी तिथं बॅटरी मारून बघितलं असतं.

जुने पार्ट परत मागण्यात अविश्वास नाही. जुनं सील हातात आलं की ते का गेलं ते कळतं. ओठ कडक होऊन चिरला असेल तर वय झालं. सील बरं दिसत असून गळत होतं, तर ब्रीदर बुजलाय का बघा. हौसिंग गरम झालं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलवाटे ऑइल बाहेर ढकलते. अशा वेळी नुसतं सील बदलून उपयोग नाही, महिन्याभरात पुन्हा गळणार.

आणखी एक. दुसऱ्यांदा रॅम्पवर घेऊन बघण्याचे पैसे आधीच ठरवून टाका. माणसाचा अर्धा तास आपण घेणार आहोत. फुकट तपासणी फुकटासारखीच होते.

पहिली रात्र: पुठ्ठा

गाडी घरी आली की सपाट जागी लावा आणि खाली फ्रिजच्या नाहीतर वॉशिंग मशीनच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा अंथरा. पुठ्ठ्यावर पुढची-मागची बाजू पेनाने लिहा. सकाळी पुठ्ठा बाहेर ओढला की गाडी रात्रभर काय बोलली ते लिहून आलेलं असतं.

मधोमध किंवा मागे दाट, चिकट, गंधकासारख्या उग्र वासाचा डाग म्हणजे गिअर ऑइल. पुढे काळा किंवा मधाच्या रंगाचा म्हणजे इंजिन ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, बोटाला बुळबुळीत लागणारा म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, जवळजवळ पाण्यासारखा पण तेलकट डाग असेल तर तो ब्रेक ऑइलचा, आणि तशी गाडी त्या सकाळी कुठंच न्यायची नाही. एसीचं स्वच्छ पाणी सोडून द्या. एखाद-दुसरा थेंब सांडलेल्या ऑइलचा असू शकतो. म्हणून डाग आला तर ती जागा पुसून कोरडी करायची आणि दुसरी रात्र पुन्हा पुठ्ठा टाकायचा. दुसऱ्या दिवशीही तोच डाग तिथंच आला, तर गळती खरी.

गाडीखाली जाताना

आधी सुरक्षेचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही. जॅक-स्टँड नसतील तर वॉशिंग सेंटरचा रॅम्प किंवा गॅरेजचा खड्डा अर्धा तास मागून घ्या. थारसारख्या उंच गाडीखाली चारही चाकं जमिनीवर असतानाही सरपटून जाता येतं. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगडाची ओट लावा. गाडी गार असू द्या. सायलेन्सरने भाजलेला दंड मी एकदा अनुभवलाय, पुरे झालं.

सोबत बॅटरी, जुनं फडकं आणि नेलपेंटची बाटली घ्या. हो, नेलपेंट. नट घट्ट असल्याची खात्री झाली की नटावरून खालच्या धातूपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढं कधीही नट उलीसा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडीखाली न झोपता, नुसतं वाकून बॅटरी मारली तरी कळतं. घरातून लाल रंगाची बाटली पळवली तर बोलणी बसतात, स्वतःची पांढरी आणा. चिखलातही उठून दिसते.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारा डबा), पुढचं आणि मागचं डिफरन्शियल (ॲक्सलच्या हौसिंगमधले गिअर) या चारही जागी ऑइल बदललं असेल तर प्रत्येकाला दोन-दोन प्लग आहेत: वरचा भरायचा, खालचा काढायचा. आठही प्लग पुसून कोरडे करा, पान्याने घट्टपणा बघा, रेघा मारा. इथं ताकद दाखवायची नाही. हौसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. किती घट्ट करायचं तो आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतो आणि टॉर्क पाना आता बऱ्याच गॅरेजमध्ये असतो. जिथं वायसर आहे तिथं नवं घातलं का, ते विचारा. दाबलं गेलेलं तांब्याचं वायसर पुन्हा वापरलं की झिरपतं.

ऑइलची पातळी स्वतः बघायला जमते. गाडी अगदी सपाट जागी हवी. वरचा प्लग उघडायचा, करंगळी आत घालून पहिलं पेर खाली वाकवायचं. बहुतेक गाड्यांत ऑइल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. बोट कोरडं आलं तर कमी आहे. भसकन बाहेर आलं तर एकतर जास्त भरलंय किंवा गाडी कलती उभी आहे. आणि ऑइल कधीही स्वतः बदलायची वेळ आली तर नियम एकच: आधी वरचा प्लग उघडून बघा, मग खालचा. वरचा जाम निघाला तर ऑइल तरी आत असतं. आधी खालचा काढला आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही.

आता ब्रीदर. प्रत्येक हौसिंगच्या डोक्यावर एक छोटी नळी असते, तिला रबरी पाईप, आणि पाईपचं दुसरं टोक वर कुठंतरी नेऊन बांधलेलं. काही ठिकाणी पाईपऐवजी नुसती फिरती टोपी असते. पाईप असेल तर दोन्ही टोकं डोळ्यांनी बघा आणि हाताने ओढून बघा. पाईप कुठं चेपलेला, पिळलेला, सायलेन्सरला टेकून वितळलेला नाही ना? वरचं टोक नेमकं किती उंचीवर आहे हे लक्षात ठेवा, कारण तेवढं पाणी ही तुमच्या गाडीची एक मर्यादा आहे. तासभर पळून तापलेलं हौसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ते श्वास आत ओढतं. ब्रीदरचं टोक पाण्याबाहेर असेल तर हवा आत जाते. पाण्यात असेल तर पाणी. बुजलेलं असेल तर सीलच्या फटीतून पाणी. माझ्या गाडीत पाईप निघालेला, नळी उघडी आणि पाण्यात, म्हणून घमेलं भरलं होतं. म्हणून ओढ्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबून चहा घ्यायची आमची पद्धत आळशीपणाची वाटली तरी हौसिंगला मानवते.

ट्रान्सफर केसकडून पुढं आणि मागं जाणारे प्रोपेलर शाफ्ट. क्लच किंवा गिअरबॉक्स उतरवलं असेल तर हे नक्की सुटले होते. प्रत्येक फ्लँजचे (शाफ्ट जोडायच्या चकतीचे) बोल्ट मोजा, सगळे सारखे आहेत का बघा. एखादा वेगळ्या डोक्याचा दिसला तर मूळचा हरवलाय आणि डब्यातून शोधून बसवलाय असं समजा. क्रॉसला (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याला) ग्रीस घातलं असेल तर टोपीच्या कडेला थोडं ताजं ग्रीस दिसतं. शाफ्ट हाताने पिळून बघा. किंचित ढिलाई गिअरची असते, पण क्रॉसमध्येच खट्ट वाजलं तर तो बदला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, सरकता असेल तर त्यावरच्या बाणाच्या खुणा समोरासमोर हव्यात. चुकीच्या दातावर बसवला की साठच्या पुढं गाडी थरथरते आणि लोक उगाच व्हील बॅलन्सिंग करत बसतात.

स्टिअरिंगच्या टाय रॉडला हात लागला असेल तर खाचेच्या नटात स्प्लिट पिन आहे का, नवी आहे का आणि दोन्ही पाय वाकवलेत का, तेवढं बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ही एक गोष्ट राहिली तर बाकी सगळं व्यर्थ.

सस्पेन्शनच्या रबरी बुशबद्दल एक प्रश्न मेकॅनिकला हमखास विचारा: शेवटचं घट्ट करताना चाकं जमिनीवर होती की लोंबकळत होती? जॅकवर चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी हलके बोल्ट लावून, गाडी चाकांवर उतरवून, थोडी हलवून मग आवळायचे. चांगला मिस्त्री या प्रश्नावर खूश होतो. पाटे बदलले असतील तर यू-बोल्ट काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे बसतात आणि पकड ढिली होते.

चाकं: सैल नकोत, अतिघट्टही नकोत

सैल नटाची भीती सगळ्यांना असते. मला उलटी भीती जास्त आहे. हवेच्या गनने आवळलेला नट मुरमाड चढावर, पावसात, गाडीतल्या टॉमी-पान्याने निघत नाही. म्हणून घराच्या दारात एक पूर्ण रंगीत तालीम करा. गाडीतलाच जॅक, गाडीतलाच पाना, गाडीतलीच स्टेपनी. चारही चाकांचे नट हाताने एकदा सैल करा आणि पुन्हा तिरपे, समोरासमोरच्या क्रमाने आवळा. एक चाक प्रत्यक्ष बदला. या तालमीत माझ्या मित्राला कळलं की त्याच्या लॉक नटाची किल्ली गाडीतच नाही. सर्व्हिसिंगला काढली होती, ती तिथल्या ट्रेमध्ये राहिली. जंगलात कळलं असतं तर स्टेपनी असून नसल्यासारखी.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. नवे टायर घेतले असतील तर बाजूवरचे चार आकडे वाचा: 2224 म्हणजे 2024 सालचा बाविसावा आठवडा. स्टेपनीवरचे आकडे वाचले की पुष्कळदा माणूस गप्प होतो.

ब्रेक

गाडी चालू करून पेडल नेहमीच्या जोराने दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. पेडल जागेवर राहिलं पाहिजे. हळूहळू खाली बसत गेलं तर गळती किंवा मास्टर सिलिंडर. दाबल्यावर स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा राहिलीय, पुन्हा ब्लीडिंग करून, म्हणजे ती हवा काढून घ्या. पुढची चाकं पूर्ण डावी-उजवी वळवून ब्रेकचा रबरी पाईप ताणला किंवा टायरला घासत तर नाही ना, ते दोघांनी मिळून बघा. एक स्टिअरिंगवर, दुसरा चाकाशी. कॅलिपर काढून परत बसवताना पाईपला पीळ पडणं ही नेहमीची चूक आहे.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 ताजं असताना 230 अंश सेल्सिअसच्या वर उकळतं; ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलची मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना हा फरक पायाला कळतो. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच घ्या, आणि डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. अर्धवट उघडा, गॅरेजच्या फळीवर महिनाभर पडलेला नको.

नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम ब्रेक लावत पंधरा-वीस वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं पळू द्या. पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखतात.

बोनेटखाली

इथं माझा सगळा जीव एअर फिल्टरच्या डब्यात असतो. मराठवाड्यातली धूळ, त्यातून उन्हाळ्यातली कच्च्या रस्त्यावरची पिठासारखी माती, इंजिनाला पाण्याइतकीच वैरी आहे. फिल्टर बदलताना डब्याची एक क्लिप नीट बसली नाही की कडेने गाळणीशिवाय हवा आत जाते आणि टर्बो, पिस्टन घासायला लागतात. आवाज नाही, दिवा नाही. बघायची पद्धत सोपी: फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा पाईप काढा, आत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. थोडा तेलकट डाग चालेल. मातकट रंग आला तर हवा चोरवाटेने येतेय. पाईप परत लावताना क्लिप पूर्ण घुसल्याचा अंदाज बोटांनी घ्या, डोळ्यांवर विसंबू नका.

कूलंटचं काम झालं असेल तर आत हवा अडकलेली असते. तीन सकाळी गार गाडीची पातळी बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी उतरली तर भरा, रोज उतरत राहिली तर परत गॅरेज. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण दरवर्षी कुणीतरी उघडतंच. मग दुपारच्या उन्हात एसी लावून गाडी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा. पंखा चालू-बंद होतोय का आणि काटा स्थिर राहतोय का? परभणी-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो. शिवाय फोर लो मध्ये (चारही चाकांना ताकद, जोर जास्त आणि वेग कमी) गाडी हळू चालते आणि समोरून वारा मिळत नाही. दारात काटा वर चढत असेल तर चढावर काय होईल, ते उघड आहे.

बॅटरीचे टर्मिनल हाताने फिरवून बघा, हलता कामा नये. इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी: साधारण 12.6 व्होल्ट. चालू: 13.8 ते 14.4 च्या आसपास. डिझेल फिल्टर बदलला असेल तर सलग तीन सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागते का बघा. हवा शिरत असेल तर सकाळीच कळतं. इंजिनचा दिवा लागत होता आणि आता लागत नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसला तरी दिवा जातो, बॅटरी काढली तरी पुष्कळ गाड्यांत जातो. शंभर किलोमीटरनंतर स्कॅनर लावून पुन्हा बघा.

बॅटरीच्या ट्रेवर, चेसिसच्या कप्प्यात, फेंडरच्या आत एकदा हात फिरवा. मला एकदा दहा-बाराचा रिंग पाना सापडला होता. परत द्यायला गेलो तर आमचे मेकॅनिक चाचा दोन दिवस गॅरेजमधल्या पोरावर ओरडत होते म्हणे.

फोर बाय फोर खरंच लागतं का

दिवा लागला म्हणजे चाकं लागली असं नाही. कोरड्या डांबरावर हे तपासू नका. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये (गरजेपुरतं फोर बाय फोर लावायच्या गाडीत) पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि शाफ्टमध्ये पीळ साठतो. मुरमाचा रस्ता किंवा शेताचा बांध शोधा. फोर हाय (चारही चाकांना ताकद, वेग नेहमीचा) लावून सरळ चाला, मग हळू एक घट्ट वळण घ्या. गाडी जरा अडल्यासारखी, ओढून धरल्यासारखी वाटली तर पुढचं टोक खरंच जोडलं गेलंय. मोकळ्या मुरमाच्या चढावर कुणाला तरी सुरक्षित अंतरावरून, बाजूने पुढची चाकं बघायला सांगा; मुरूम पुढच्या चाकांनीही उडायला हवा. जुन्या जिप्सीला किंवा जीपला पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजूंचे लॉकवर आहेत का, आधी ते.

फोर लो साठी गाडी थांबवा किंवा पुस्तिकेत सांगितल्याइतकी हळू करा, न्यूट्रलमध्ये टाका, मग लिव्हर ओढा. पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता उतार उतरून बघा. चढावर हलका ॲक्सिलरेटर द्या. लिव्हर उडून बाहेर आला तर लिंकेजची सेटिंग चुकलीय. क्लचच्या कामानंतर हे होतं. शेवटी परत टू व्हील मध्ये आणा आणि दहा मीटर मागं घ्या. ‘लागतं पण सुटत नाही’ ही तक्रारही तितकीच वाईट.

आमच्याकडे या चाचणीची उत्तम जागा येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाची. शेतात सगळं गाव जमलेलं, आंबील-भज्जी चालू, आणि रान काळं. कोरड्या दिवसात ठीक. पण काळी माती भिजली की ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, मडगार्डमध्ये चिखल घट्ट बसून चाकच अडतं. ती पाण्याने फुगणारी माती आहे, तिच्यात चार चाकं फिरली म्हणजे चार खड्डे खोल होतात. तिथं तपासायला जायचं तर दुसरी गाडी आणि दोर सोबत घेऊनच.

तुळजापूरची फेरी

मग पूर्ण सामानासकट एक चाचणी फेरी. आमची ठरलेली: लातूर, औसा, तुळजापूर आणि परत, साधारण दीडशे किलोमीटर. बालाघाटाचा चढ-उतार मिळतो, मोकळा रस्ता मिळतो आणि देवीचं दर्शन होतं. घरातून परवानगीही सहज मिळते. गाडीत खरंच जेवढं नेणार तेवढं सामान भरा, माणसंही बसवा. भार टाकल्यावरच कळतं की टायर पूर्ण वळणावर मडगार्डला घासतोय किंवा मागचं टोक बसून हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातोय.

वीस किलोमीटरवर, शक्यतो ब्रेक कमी वापरत, बाजूला थांबा. चारही चाकांच्या मधोमध तळहात नेऊन, न टेकवता, ऊब बघा. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत एक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. तुळजापूरला नट तपासा. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या, नेलपेंटच्या सगळ्या रेघा बघा, पुठ्ठा टाका.

आणि मग गॅरेजला परत. इथं बोलण्याची रीत महत्त्वाची. आमच्या मेकॅनिकला सगळे चाचाच म्हणतात, वडिलांच्या वयाचे आहेत. पहिल्यांदा मी रेघा मारलेली गाडी रॅम्पवर घ्यायला सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

“शक है क्या मेरे काम पे?”

“नाही ओ चाचा. किनवटच्या पुढं अडलो तर तुम्ही नसता ना तिथं. म्हणून तुम्ही असतानाच बघून घेऊ.”

त्यांनी बॅटरी हातात घेतली. खाली फिरताना एक रेघ तुटलेली त्यांनाच आधी दिसली, मागच्या शाफ्टची. काही न बोलता तेवढाच बोल्ट नाही, चारही आवळले. जाताना पोराला म्हणाले, बाजारातून नेलपेंट घेऊन ये.

तक्रार सांगताना ‘तुम्ही नीट केलं नाही’ म्हणण्यापेक्षा नेमकं सांगा: कुठल्या वेगाला, कुठल्या गिअरमध्ये, वळताना की सरळ, गरम असताना की गार. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. अर्धं निदान तिथंच होतं.

सोबत काय

जे काम झालं त्याला धरून सामान. बेल्ट बदलला तर जुना चालू बेल्ट टाकू नका, गाडीतच ठेवा. रेडिएटरचे पाईप उघडले तर दोन-तीन जादा क्लिपा. गिअर ऑइल त्याच ग्रेडचं एक लिटर, दोन वायसर, प्रोपेलर शाफ्टचा एक क्रॉस, फ्यूज, कूलंट, तार, चिकटपट्टी. टायरला हवा भरायचा पंप तर हवाच, कारण मऊ जमिनीत हवा कमी केली की डांबरावर येण्याआधी परत भरावी लागते. चाचांचा नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डमध्ये ठेवा, फोन बंद पडतो. तसाच 112 आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीचा 1033 लक्षात असू द्या. जंगलातल्या वाटेवर जाण्याआधी वनखात्याची परवानगी लागते का, ते त्या त्या नाक्यावर विचारा. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर फोर बाय फोर असो की बैलगाडी, अलीकडेच थांबायचं.

निघाल्यावर आमचा पहिला थांबा नांदेडच्या अलीकडे असतो. पोरं मिसळ मागवतात, तोवर मी नट आवळतो आणि खाली वाकून रेघा बघतो. मुक्कामाला दररोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, पाच मिनिटं: खाली डाग, ऑइलची काडी, कूलंटची टाकी, रेघा. ज्या दिवशी ओढा ओलांडला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मागच्या हौसिंगचा वरचा प्लग उघडून करंगळी घालतो. बोटावर काळपट ऑइल आलं की फडक्याला पुसायचं. चहाचा रंग आला, तर त्या दिवसाचं माहूर रद्द. हळूहळू किनवट गाठायचं, ऑइल बदलायचं आणि ब्रीदरचं दुसरं टोक शोधायचं.